कणसातला पुरावा

मक्याचं कणीस सोलताना हाताला चिकटणारे केस आपण वैतागून काढून टाकतो. खरं तर त्या प्रत्येक केसाचं दुसरं टोक एकेका दाण्याच्या जागी जोडलेलं असतं. तुऱ्यावरून उडालेला परागकण केसाच्या मोकळ्या टोकावर पडतो, तिथून एक अतिशय बारीक नळी केसाच्या आतून खाली वाढत जाते आणि फलन झालं की दाणा भरू लागतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही, त्याची जागा रिकामी राहते. बाजारातल्या एखाद्या कणसाला मध्येच दाणे नसतात, त्यामागचं एक कारण हे. प्रत्येक दाणा वेगळ्या परागकणातून आलेला असल्यामुळे कणीस म्हणजे एका आईची काहीशे लेकरं, एकाच दांड्यावर ओळीनं बसलेली! आनुवंशिकतेचा अभ्यास करणाऱ्याला याहून सोयीची नोंदवही मिळणं कठीण.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठ आहे. तिथल्या मक्याच्या शेतात १९३० च्या सुमाराला एकवीस वर्षांची एक विद्यार्थिनी अशीच कणसं सांभाळत होती. तिचं नाव हॅरिएट क्रायटन. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन ती १९२९ साली वेलस्ली या महिला महाविद्यालयातून कॉर्नेलला आली, तेव्हा नेमकं काय करायचं हे तिचं पुरतं ठरलेलं नव्हतं. पेशींचा अभ्यास करावा की वनस्पतींच्या शरीरक्रियांचा, असा विचार चालू होता. तिथं तिची गाठ पडली बार्बरा मॅक्लिंटॉक यांच्याशी. मॅक्लिंटॉक तिच्याहून सातच वर्षांनी मोठ्या. १९२७ मध्ये पीएच.डी. झालेल्या आणि विभागात शिकवण्याचं कनिष्ठ पद सांभाळणाऱ्या. त्यांनी या मुलीला पेशी आणि आनुवंशिकता यांचा एकत्रित अभ्यास करायला सुचवलं आणि प्राध्यापक लेस्टर शार्प यांच्याकडे नेलं. कागदोपत्री मार्गदर्शक शार्प. रोजचं शिकवणं मात्र मॅक्लिंटॉक बाईंचं.

त्यानंतर बाईंनी जे केलं, ते प्रयोगशाळांच्या जगात फारसं घडत नाही. स्वतःच्या हाती असलेला त्या वेळचा बहुधा सर्वांत मोलाचा प्रश्न त्यांनी या नवख्या मुलीला देऊन टाकला.

प्रश्न काय होता, हे कळायला थोडं मागं जावं लागेल. जनुकं गुणसूत्रांवर असतात, हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत पुढं आलं. त्यात थॉमस हंट मॉर्गन यांच्या फळमाश्यांवरच्या कामाचा वाटा मोठा. एकाच गुणसूत्रावरची जनुकं एकत्र पुढच्या पिढीत जायला हवीत, पण काही वेळा ती फुटतात असं मॉर्गन यांना दिसलं. आईकडून आलेलं गुणसूत्र आणि बापाकडून आलेलं त्याचं जोडीदार गुणसूत्र हे बीजपेशी तयार होताना एकमेकांना बिलगतात आणि आपापले तुकडे बदलून घेतात, असा तर्क त्यांनी केला. या तर्कावर पुढं केवढी इमारत उभी राहिली! अल्फ्रेड स्टर्टेव्हंट या मॉर्गन यांच्याच पदवीपूर्व विद्यार्थ्यानं एका रात्रीत, कॉलेजचा गृहपाठ बाजूला ठेवून, अशा फुटण्याच्या प्रमाणावरून जनुकांचा पहिला नकाशा काढला. तो १९१३ साली प्रसिद्ध झाला. पाठोपाठ नकाशेच नकाशे आले.

पण गुणसूत्रांचे तुकडे खरोखर बदलले जातात, हे कुणीच पाहिलेलं नव्हतं. अडचण अगदी साधी होती. जोडीतली दोन्ही गुणसूत्रं दिसायला सारखी. दोन पांढऱ्या दोऱ्यांनी आपले अर्धे भाग आपसात बदलले, तर ते बघणाऱ्याला कळणार कसं? एका दोऱ्याच्या दोन्ही टोकांना काहीतरी खूण हवी. तीही दोन वेगवेगळ्या खुणा, म्हणजे कुठला भाग कुठं गेला ते सांगता येईल.

मॅक्लिंटॉक यांना मक्यात असा खुणांचा दोरा सापडला होता. मक्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या दहा जोड्या असतात. ही दहाही गुणसूत्रं आकारावरून वेगवेगळी ओळखायची पद्धत त्यांनीच बसवली आणि १९२९ मध्ये प्रसिद्ध केली. ही नजर तयार झाल्यावर त्यांना मक्याच्या एका वाणात नवव्या गुणसूत्राचं रूप वेगळं दिसलं. त्याच्या एका टोकाला गडद रंगणारी ठळक गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला आठव्या गुणसूत्राचा एक तुकडा येऊन चिकटलेला होता. एका बाजूला गाठ, दुसऱ्या बाजूला शेपूट. जोडीदार मात्र साधा, ना गाठ ना शेपूट.

नशीब असं की नवव्या गुणसूत्रावरची दोन जनुकं दाण्यात नुसत्या डोळ्यांनी किंवा आयोडिनच्या एका थेंबानं ओळखता येतात. पहिलं रंगाचं. त्याच्या एका रूपामुळं दाण्याचा बाहेरचा थर जांभळट रंगतो, दुसऱ्यामुळं बिनरंगी राहतो. दुसरं जनुक पिठूळपणाचं. नेहमीच्या मक्याचा दाणा कापून त्यावर आयोडिन टाकलं, तर शाळेत बटाट्याच्या फोडीवर होतो तसा गडद निळा-काळा रंग येतो. पण १९०८ साली चीनमधून अमेरिकेत आलेल्या एका मक्याचा दाणा आतून मेणासारखा दिसतो आणि आयोडिननं तांबूस-तपकिरी होतो, कारण त्याच्या पिष्टात अमायलोज हा घटक जवळपास नसतोच. चिकट भाताच्या तांदळाचं गणितही हेच.

आता मांडणी सोपी झाली. गाठ आणि शेपूट असलेल्या गुणसूत्रावर ‘रंगीत’ आणि ‘मेणचट’ ही रूपं होती. साध्या जोडीदारावर ‘बिनरंगी’ आणि ‘नेहमीचा’. गुणसूत्रावरचा क्रम असा: गाठ, मग रंगाचं जनुक, मग मेणचटपणाचं, मग शेपूट. अशा झाडाच्या लेकरांपैकी ज्या दाण्यांत जनुकांची जुनी जोडी फुटली, ते दाणे निवडायचे. समजा, दाणा रंगीत आहे पण पिष्ट नेहमीचं आहे. तुकडे खरोखर बदलले जात असतील, तर अशा दाण्याच्या रोपात गाठ असायला हवी आणि शेपूट गेलेलं असायला हवं. दाणा बिनरंगी आणि मेणचट असेल, तर उलट: गाठ गायब, शेपूट हजर. जनुकं बदलली पण गुणसूत्रं होती तशीच राहिली, असं दिसलं असतं तर मॉर्गन यांचा वीस वर्षांचा तर्क अडचणीत आला असता.

कागदावर हे चार ओळींत मावतं. शेतात मात्र त्यासाठी अख्खा मोसम लागतो. कणसाचे केस बाहेर डोकावण्याआधी त्यावर कागदी पिशवी चढवायची, नाहीतर वाऱ्यावरचा कुठलाही पराग येऊन बसणार. ज्याचा पराग हवा त्या झाडाच्या तुऱ्यालाही पिशवी बांधायची. मग योग्य दिवशी तुऱ्याच्या पिशवीत जमलेले पिवळे परागकण घेऊन कणसाच्या केसांवर झाडायचे, लगेच पिशवी पुन्हा बंद करायची आणि कुणाचा पराग कुणाला दिला, कोणत्या तारखेला, हे लिहून ठेवायचं. अंगाला पानांच्या कडा कापतात आणि पराग नाकातोंडात जातो. पिशवी एक दिवस उशिरा चढली, तर ते कणीस वाया. माशीवाल्यांचं बरं असतं. त्यांच्या बाटलीत दहा-बारा दिवसांत नवी पिढी तयार. आपल्याकडे मका खरिपात होतो, रब्बीत होतो आणि पाणी असेल तर उन्हाळ्यातही घेतात. इथाकाच्या थंडीत शेतात वर्षाला एकच पीक. चुकलं की पुढच्या वर्षी.

दाणे हाती आल्यावर दुसरं काम सुरू व्हायचं. ते दाणे पेरून रोपं वाढवायची आणि तुरा बाहेर पडण्याआधी, तो पानांच्या पोंग्यात लपलेला असतानाच कापून काढायचा. बीजपेशींचं विभाजन तेव्हाच चालू असतं. दोन-चार दिवसांचा उशीर झाला, तर दाखवण्यासारखं काही उरत नाही. कोवळ्या तुऱ्यातल्या फुलोऱ्यामधून परागकोश वेगळा करायचा, काचपट्टीवर कार्मिनच्या थेंबात ठेवायचा, सुईनं फोडायचा आणि वरून पातळ काच ठेवून दाबायचा. कार्मिन हा लाल रंग निवडुंगावर जगणाऱ्या एका किड्यापासून काढतात. सुई लोखंडाची असेल तर लोहाचा अंश रंगात उतरून गुणसूत्रं अधिक ठळक होतात. त्यामुळं या कामात चकचकीत सुईपेक्षा साधी लोखंडी सुई बरी. एवढं करून सूक्ष्मदर्शकाखाली दिसायचा तो दोऱ्यांचा गुंता. त्यातून नववी जोडी हुडकायची, गाठ शोधायची, शेपूट शोधायचं. मॅक्लिंटॉक यांच्यापाशी ही नजर होती आणि ती त्यांनी हॅरिएटला शिकवली. दोघी काम एकत्र करायच्या आणि दिवसाअखेरीस टेनिसही एकत्र खेळायच्या.

कॉर्नेलमधल्या त्या छोट्या गटाविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. रॉलिन्स इमर्सन हे तिथले मका-संशोधनाचे ज्येष्ठ. हवे त्याला बियाणं देण्याचा आणि अप्रकाशित माहितीही मोकळेपणानं वाटण्याचा शिरस्ता त्यांनी पाडला होता. त्यांच्याभोवती जॉर्ज बीडल, मार्कस ऱ्होड्स, चार्ल्स बर्नहॅम अशी तरुण मंडळी होती. यांपैकी बीडल यांना पुढं १९५८ चं नोबेल मिळालं. आपला प्रश्न विद्यार्थिनीला देऊन टाकणं हे मॅक्लिंटॉक यांच्या स्वभावात असेलच, पण ते त्या शेतातल्या वातावरणातही होतं.

निकाल येऊ लागले ते मनाजोगते होते. रंग आणि पिष्ट यांची जुनी जोडी जिथं फुटली होती, तिथं गाठ आणि शेपूट यांचीही ताटातूट झालेली दिसत होती. पण तपासलेल्या रोपांची संख्या थोडी होती. काही वर्गांत तर बोटांवर मोजण्याइतकी. दोघींनी ठरवलं, आणखी एक पीक घेऊ, आकडे वाढवू आणि मग लिहू. शेतीशी संबंध असलेल्या कुणालाही हा निर्णय शहाणपणाचाच वाटेल.

१९३१ च्या पूर्वार्धात खुद्द मॉर्गन कॉर्नेलला व्याख्यानं द्यायला आले. आता ते कॅलिफोर्नियात होते आणि साठी ओलांडलेली होती. अशा पाहुण्याला विभागात फिरवतात, विद्यार्थी काय करतात ते दाखवतात, तसं झालं. हॅरिएटच्या टेबलाशी येऊन त्यांनी विचारलं, काय चाललं आहे? तिनं सांगितलं. लिहून झालं का? नाही, पुढच्या पिकाची वाट पाहतो आहोत. मॉर्गन यांनी ते मान्य केलं नाही. आहे एवढं पुरेसं आहे, लगेच छापा, असं त्यांचं म्हणणं पडलं. नुसता सल्ला देऊन ते थांबले नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकाच्या संपादकांना, एक शोधनिबंध लवकरच तुमच्याकडे येतो आहे, असं पत्रही त्यांनी पाठवलं. बावीस वर्षांच्या मुलीवर याहून मोठं दडपण कोणतं!

निबंध ७ जुलै १९३१ रोजी संपादकांकडे पोचला. मक्याला त्या वर्षी अजून तुरेही फुटायचे होते. ऑगस्टच्या अंकात तो छापून आला. पानं अवघी सहा. लेखकांमध्ये पहिलं नाव क्रायटन, दुसरं मॅक्लिंटॉक. त्याच अंकात त्याच्या आधी मॅक्लिंटॉक यांचा एकटीचा निबंध होता. नवव्या गुणसूत्रावर जनुकं कोणत्या क्रमानं लागलेली आहेत हे त्यात सांगितलं होतं. म्हणजे विद्यार्थिनीच्या निबंधाचा पाया.

मॉर्गन यांची घाई कशासाठी होती, याचा उलगडा मागाहून झाला. जर्मनीत कर्ट स्टर्न हे शास्त्रज्ञ हाच प्रश्न फळमाशीवर सोडवत होते. त्यांनाही अशाच खुणांच्या गुणसूत्राची माशी मिळाली होती, आकडे कितीतरी भरघोस होते आणि ते शेवटच्या टप्प्यात आले होते. मॉर्गन यांना हे ठाऊक होतं. एक मोसम थांबणं म्हणजे पहिलेपण घालवणं, हे त्यांनी ओळखलं. पुढं त्यांनी याची कबुली दिली तीही गमतीनं: एकदा तरी मक्याला माशीच्या पुढं जाऊ द्यावं, असं वाटलं. ज्यांचं सारं नाव माशीवर उभं होतं, त्यांच्या तोंडी हे वाक्य शोभून दिसतं. स्टर्न यांचा निबंध त्याच वर्षी, थोडा मागाहून आला. मक्याच्या निबंधाची बातमी त्यांना कळली ती स्वतःचे निष्कर्ष सहकाऱ्यांसमोर मांडून झाल्यावर. आधी कळली असती, तर इतक्या उत्साहानं बोलणं जमलं नसतं, असं त्यांनी पुढं प्रांजळपणे सांगितलं.

मॉर्गन यांचं चुकलं का? स्टर्न यांच्यावर थोडा अन्याय झाला, असं वाटू शकतं. एका स्पर्धकाची बातमी असलेल्या ज्येष्ठानं दुसऱ्याला घाई करायला लावली, हे आजच्या काटेकोर नजरेला खटकेल. थोड्या आकड्यांवर छापायची घाई ही एरवी सवय म्हणून वाईटच. पण इथं पुरावा संख्येवर उभा नव्हता. गाठ एका गुणसूत्रावरून दुसऱ्यावर गेलेली दिसते की नाही, एवढाच सवाल होता आणि ती गेलेली दिसत होती. लेखिकांनी आपली रोपं थोडी आहेत हे लपवलंही नाही. शिवाय दोन वेगळ्या सजीवांत, दोन देशांत, एकाच वर्षी तोच निष्कर्ष निघाला, याचा विज्ञानाला झाला तो फायदाच.

या अदलाबदलीचं महत्त्व मक्यापुरतं नाही. माणसाच्या प्रत्येक बीजांडात आणि शुक्राणूत ती झालेली असते, म्हणून तर सख्खी भावंडं एकमेकांची प्रतिकृती नसतात. स्त्रीच्या बाबतीत तर ही अदलाबदल ती स्वतः आईच्या पोटात असतानाच उरकलेली असते. बीजांड मात्र परिपक्व होतं कित्येक वर्षांनी. तुकडे बदलताना गुणसूत्रांच्या जोडीला जी गाठ पडते, तीच त्यांना योग्य वेळेपर्यंत एकत्र धरून ठेवते. ती नीट पडली नाही तर जोडी फुटताना चूक होऊ शकते. डाउन सिंड्रोममध्ये एकविसावं गुणसूत्र एक जास्त असतं. त्यातल्या बऱ्याच उदाहरणांत ही अदलाबदल झालेलीच नसते किंवा भलत्या जागी झालेली असते, असं आढळलं आहे. पीकसुधारणेतही रोज याच्याशीच झगडा असतो. रानटी वाणातून रोगप्रतिकाराचं जनुक घ्यावं, तर त्याच्या शेजारचे नको असलेले गुणही चिकटून येतात. मधोमध अदलाबदल झालेलं एखादं रोप सापडेपर्यंत हजारो रोपं तपासावी लागतात. आता ही तपासणी कोवळ्या पानाच्या तुकड्यातल्या डीएनएवरून होते आणि हवाईसारख्या उबदार ठिकाणी हिवाळ्यातही मका घेऊन संशोधक वर्षाला एकाहून अधिक पिढ्या काढतात. पिशवी बांधणं आणि केसांवर पराग झाडणं मात्र आजही शेतात उन्हात उभं राहून हातानंच करावं लागतं.

मॅक्लिंटॉक यांनी १९३१ मध्ये संशोधनवृत्ती घेऊन कॉर्नेलबाहेर मुक्काम हलवला. पुढं जागा बदलणारी जनुकं त्यांना सापडली तीही मक्यात, याच नवव्या गुणसूत्रावर, दाण्याचा रंग आणि मेणचटपणा याच खुणांच्या आधारानं. त्यासाठी १९८३ चं नोबेल मिळालं तेव्हा त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या.

हॅरिएट क्रायटन १९३३ मध्ये पीएच.डी. झाली. काही वर्षं कनेक्टिकटमधल्या महाविद्यालयात शिकवून ती १९४० साली वेलस्लीला परतली, जिथून निघाली होती तिथंच. दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकी नौदलाच्या महिला दलात दाखल झाली. १९५६ मध्ये ती अमेरिकेच्या वनस्पतिशास्त्र संस्थेची अध्यक्ष होती. पण उरलेलं आयुष्य मुख्यतः गेलं ते वर्गात आणि हरितगृहात, पदवीच्या मुलींना वनस्पतिशास्त्र शिकवण्यात. १९७४ मध्ये ती निवृत्त झाली आणि २००४ साली, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी वारली. १९३१ च्या त्या निबंधाएवढा गाजलेला दुसरा निबंध तिच्या नावावर नाही.